भोक पडलेला कोष



परवा जयंतीच्या कार्यक्रमात एक पांढरपेशा पाहुणा बोलून गेला. म्हणे, अळीचं फुलपाखरू होतं तसा समाज आपोआप बदलतो, तुम्ही फक्त धीर धरा. टाळ्या पडल्या. आपल्याच पोरांनी वाजवल्या. माझं डोकं फिरलं.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर. पाळीभर तुटलेली तार जोडायची, नाकातोंडात कापूस. मेव्हणा बीडकडे तुती लावून रेशमाच्या अळ्या पाळतो. त्याच्या शेडमध्ये मी रात्री काढल्यात. म्हणून सांगतो, या पाहुण्यानं अळी बघितलेलीच नाही.

अळी 25-26 दिवसांत चारदा कात टाकते. आणि चारदा अळीच राहते, फक्त जाड होते. जातीचं तेच. गावकुसातनं फ्लॅटमध्ये आली, धोतर टाकून पँट घातली, आता खोली भाड्यानं मागायला गेलो की गोड हसून आडनाव विचारते. याला हे परिवर्तन म्हणतात! ही कात हाय, नुसती कात.

खरं रूपांतर कोषात. तिथं अळीचं बरंचसं अंग विरघळतं. पंखांचे अंकुर मात्र अळीच्या अंगात आधीपासनंच असतात. 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्म सोडायची घोषणा केली, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेतली. मधली 21 वर्षं ते काय धीर धरून बसले होते? जुनं अंग विरघळवत होते, स्वतःचं आणि आपलं. आज 22 प्रतिज्ञा घेऊन घरात गुपचूप नवस फेडणाऱ्यानं आपलं आपण बघावं, कात की कोष. (मी घरापासनं सुरू केलंय. आई चार दिवस बोलली नाही.)

आता पाहुण्यानं गिळलेली गोष्ट. रेशमाचा पतंग कोषाबाहेर येऊच देत नाहीत. तो आला की भोक पडतं, हजारेक मीटरची अखंड तार तुटते. म्हणून आधीच वाफेनं, गरम हवेनं आतला जीव मारायचा, मग कोष उकळून तार ओढायची. बियाण्यापुरते थोडे जगवतात, त्यांना पंख असून उडता येत नाही. हजारो वर्षं माणसाच्या टोपलीत पोसल्याचं हे फळ. धीर धरा म्हणणाऱ्याला विचारा, साहेब, कुणाची तार तुटू नये म्हणून?

मेव्हण्याच्या चंद्रिकेवर एक कोष भोक पडलेला सापडला. व्यापारी असला माल बाजूला काढतो, त्याला भाव नाही. मी तो खिशात घालून आणला, साच्यावर ठेवलाय. मुकादम रोज विचारतो, हा कचरा कशाला रे?