'परत' जायचे दोनच पत्ते

आपल्याकडे 'परत' या शब्दाला दोनच पत्ते आहेत. परदेशी गेलेला माणूस परत येतो तो भारतात, आणि सुट्टी संपवून परत जातो तो अमेरिकेत. (दुबईवाल्यांनी, युरोपवाल्यांनी रागावू नये. तुम्हाला नातेवाईक काय म्हणतात ते आठवा.) त्यामुळे 'मी अमेरिका सोडून मेक्सिकोत परत गेलो, आणि खुशीनं गेलो' असं सांगितलं की समोरचा माणूस हँग होतो. पहिला प्रश्न, "नोकरी गेली का?" दुसरा, "व्हिसाचा काही लोचा?" तिसरा कोणी तोंडानं विचारत नाही, पण चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येतो: तिकडची कोणी गाठली की काय यानं?

यातलं काही नाही हो. २०१५ ते २०१८ मी ऑनसाईट म्हणून गुआदालाहारात होतो. नंतर पाच वर्षं मिनियापोलिसजवळ. २०२३ मध्ये गुआदालाहाराच्या ऑफिसात एक जागा निघाली, ती मी मागून घेतली. पगार चांगलाच कमी झाला. ग्रीन कार्डाच्या रांगेतून बाहेर पडलो. ती रांग आपल्या लोकांना पाठ आहे: वर्षाला वाटल्या जाणाऱ्या कार्डांपैकी कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांची मर्यादा, मग तो देश आइसलँड असो नाहीतर भारत. शिवाय राळेगावला धाकट्या भावाच्या शेतात ठिबक बसवायला मी द्यायचे होते ते पैसे एक वर्ष पुढे गेले. म्हणजे हा निर्णय फुकटात पडलेला नाही, आणि त्याची किंमत मी एकट्यानं भरलेली नाही.

तरी माझं म्हणणं असं आहे की एखादा परदेश खरंच आवडतो का, हे तिथं पहिल्यांदा राहून कळत नाही. मधे दुसऱ्या एखाद्या परदेशात राहावं लागतं.

हे प्रोग्रामरला पटकन कळेल. एकाच कमिटमध्ये दोन बदल केले आणि सिस्टीम झकास पळायला लागली, तर श्रेय कुणाचं? सव्विसाव्या वर्षी गुआदालाहारात उतरलो तेव्हा माझ्या आयुष्यात दोन बदल एकदम झाले होते. एक, मी घरापासून लांब होतो: हातात पैसा, कुठे चाललास विचारायला कोणी नाही, स्वतःची खोली, स्वतःचा रविवार. दोन, तो देश मेक्सिको होता. मजा वाटली ती कशाची? स्वातंत्र्याची की मेक्सिकोची? तेव्हा हे वेगळं काढणं शक्यच नव्हतं. मिनियापोलिसला पहिला बदल तसाच राहिला, दुसरा निघून गेला. आणि मग पाच वर्षं हळूहळू लक्षात येत गेलं की स्वातंत्र्य आहे, पैसा तर जास्तच आहे, रस्ते, दवाखाने, ग्रंथालयं सगळं उत्तम आहे. पण जे आठवतं ते इथलं नाही.

काय आठवायचं? फार मोठं काही नाही. हॉटेलात तुम्ही जेवत असताना शेजारून जाणारा अनोळखी माणूस 'प्रोवेचो' म्हणून जातो, म्हणजे सावकाश होऊ द्या. आपल्या पंगतीत म्हणतात तसंच, फक्त इथे पंगत अख्ख्या शहराची. स्वतःच्या घराचा पत्ता सांगताना लोक 'तुझं घर' म्हणतात. पहिल्यांदा मी गोंधळून म्हणालो होतो, माझं घर तिकडे नाहीये. 'आओरीता' म्हणजे आत्ता, म्हणजे दहा मिनिटांत, म्हणजे उद्या, म्हणजे बहुतेक कधीच नाही. राळेगावच्या 'आलोच' इतकाच भरवशाचा शब्द! हामाइका नावाचं लाल सरबत प्यायलो तर ती निघाली आपली लाल अंबाडी. आणि तेहुइनो. मक्याचं पीठ आंबवून केलेलं हे पेय हालिस्को राज्यात रस्त्यावर लिंबू-मीठ-बर्फ घालून विकतात. पहिला घोट घेतला आणि महालक्ष्म्यांच्या जेवणातली ज्वारीची आंबील आठवली. ती थंड नसते, बर्फ नसतो, पण आंबूस चव तीच.

(दोष अमेरिकेचा नाही. तिथे आम्ही मराठी माणसं इतकी की शनिवार-रविवार आपल्या आपल्यातच संपायचे. गुआदालाहारात देसी मोजके, त्यामुळे स्पॅनिश शिकण्यावाचून इलाज नव्हता. भाषा आली की शेजारी येतो.)

आता दुसरी बाजू. माझे काका कपाशी पिकवतात आणि यूट्यूब बघतात. त्यांनी विचारलं, "अमेरिका सोडून तिथं कायले मरायले जाऊन रायला बे? तिथं तं रोज माणसं मारतात म्हणे." प्रश्न खोटा नाही. गुआदालाहारातल्या एका मोठ्या चौकाला लोक बेपत्ता माणसांचा चौक म्हणतात. हरवलेल्यांच्या आयांनी, बहिणींनी तिथे फोटो लावलेत. तेच चेहरे रस्त्याकडेच्या खांबांवर असतात, पावसानं फिके पडलेले. मी चांगल्या वस्तीत राहतो, परदेशी कंपनीचा पगार घेतो, रात्री ठराविक रस्त्यांनीच जातो. मेक्सिको 'रंगीत, प्रेमळ लोकांचा देश' म्हणून सांगणाऱ्यांनी ते खांब वगळू नयेत. मीही वगळत नाही.

पण काकांना मी एक आठवण करून दिली. पुण्यात पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा 'यवतमाळचा' म्हटलं की लोकांचा चेहरा बदलायचा. "अरे, ते शेतकरी आत्महत्यावालं ना?" २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि त्यानंतर सगळ्या देशासाठी यवतमाळ म्हणजे तेवढंच. ते खोटं नव्हतं. आमच्या ओळखीच्या घरांतही झालंय. पण त्याच वर्षी आमच्याकडे लग्नं झाली, बाजार भरला, कापसाच्या गाड्या जिनिंगला गेल्या. बातमी खरी असते आणि गाव तिच्यापेक्षा मोठं असतं, हे यवतमाळवाल्याला कोणी शिकवायला नको. काका "हं" म्हणाले. पटलं असं नाही. पण गप्प बसले.

हे सगळं माझ्या आधी शंभर वर्षं एका शेजाऱ्यानं केलंय, तेही माझ्यापेक्षा कितीतरी कठीण पद्धतीनं. पांडुरंग सदाशिव खानखोजे वर्ध्याचे, म्हणजे आमच्या तालुक्यातून वर्धा नदी ओलांडली की त्यांचा जिल्हा. ऐन तरुणपणी ते क्रांतीच्या ध्यासानं बाहेर पडले. जपान, मग अमेरिकेत शेतीचं शिक्षण, गदर पक्षाची उभारणी, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढाई, मग जर्मनी. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले आणि तिथे रुजले. चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या नव्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. तिना मोदोत्तीनं त्यांच्या कामाचे फोटो काढले. दिएगो रिवेरानं मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर जे चित्र काढलंय, त्यात पंगतीच्या मध्यभागी पाव मोडणारा माणूस खानखोजे आहेत. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळाही बसला. आमच्या शाळेत मात्र हे नाव एकदाही ऐकलं नाही.

माझी बदली आणि त्यांची वणवण एका वाक्यात बसवणं आगाऊपणाचं होईल. माझ्याकडे परतीचं तिकीट असतं. त्यांना इंग्रज असेतो भारतात पाऊल ठेवता येत नव्हतं, आणि स्वातंत्र्यानंतरही इंग्रजांच्या काळ्या यादीतल्या नावामुळे अर्ज आधी नाकारला गेला. तरी मला त्यांच्याबद्दल जे महत्त्वाचं वाटतं ते हे: इतके देश बघितलेला माणूस एका देशात तीस वर्षं मन लावून राहिला, तिथे संसार केला, तिथल्या मक्याला स्वतःचा विषय मानलं, आणि १९५५ मध्ये नागपूरला आला, १९६७ मध्ये वारला तोही इथेच. यातलं कुठलं प्रेम खोटं होतं? आपल्या 'इथे का तिथे' या प्रश्नात हा माणूस बसतच नाही. घराची ओढ आणि परक्या मुलखाची माया एकाच खात्यातून वजा होत नाहीत. तसं होतं असं धरून आपण पोरांना हिशेब मागतो.

पैशाचा हिशेब मागा, तो बरोबर आहे. भावाच्या शेतात ठिबक यंदा बसलं.

आईचं मात्र वेगळंच चाललंय. तिच्या मेक्सिकोच्या व्हिसाची कागदपत्रं जमवतोय. ती येणार ती मला बघायला नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलंय. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून त्याच्या पोळ्या करतात हे मी सांगितल्यापासून तिला झोप नाही. "चुन्यात? अन् पोट नाही दुखत त्यांचं?" परवा फोनवर पुन्हा विचारलं, वाटायला पाटा असतो का मिक्सर.