दारू सोडणाऱ्यासाठी मलकापुरात खाट हवी

प्रति,
मा. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, तथा पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा



डिसेंबर २०२४ मध्ये आरोग्य खातं आपल्याकडे आलं, तेव्हा आमच्या शाहूवाडी तालुक्यातही बरं वाटलं होतं. राधानगरी-भुदरगडच्या डोंगरात ज्यानं राजकारण केलं, त्याला भर पावसात वाडीवरून पेशंट खाली आणायला काय लागतं हे समजावून सांगायला नको. म्हणून आडवळणं न घेता मागणी आधीच लिहितो. शाहूवाडी तालुक्यातल्या ज्या माणसाला दारू सोडायची आहे, त्याला पहिला आठवडा तालुक्यातच, सरकारी दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली काढता आला पाहिजे.

दारूबंदीची निवेदनं आपल्याकडे ढिगानं येत असतील. हे पत्र त्यातलं नाही. दारूबंदीच्या २००८च्या नियमानुसार गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की मतदान लागतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या बाजूनं, पडली की दुकान बंद होतं. घरादाराचा, भावकीचा आणि दुकानदाराचा दबाव झुगारून ज्या बायकांनी बाटली आडवी केली, त्यांना माझा दंडवत आहे. पण दुकान बंद झालं त्या रात्री वीस वर्षं पिणाऱ्या माणसाच्या शरीरात काय घडतं, याचा विचार त्या नियमात कुठंच नाही. तो शेजारच्या गावाला जातो, हातभट्टी हुडकतो, आणि दोन्ही जमलं नाही तर घरात थरथरत पडतो.

हे थरथरणं मी जवळून पाहिलंय. आंबा गावाच्या अलीकडच्या एका वाडीतला माणूस, चाळिशीतला, सेंट्रिंगच्या कामावर जाणारा. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा तरी चहा बशीत सांडायचा. पहिली नव्वद पोटात गेली की हात थांबायचे. आईनं शपथ घातली म्हणून आषाढी एकादशीला त्यानं गळ्यात माळ घातली आणि त्या क्षणापासून थेंब तोंडाला लावला नाही. पहिल्या दिवशी नुसता घाम आणि उलट्या. दुसऱ्या रात्री फेफरं आल्यासारखा झटका आला. घरच्यांनी कांदा फोडून नाकाला लावला. तिसऱ्या रात्री तो गोधडीवरचे मुंगळे वेचायला लागला. गोधडीवर काही नव्हतं. अंगणात पोलीस उभे आहेत म्हणत भर पावसात पळत सुटला, चौघांना आवरेना. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवरुषी आणला, लिंबू उतरवला, अंगारा लावला. उजाडल्यावर कुणीतरी शहाणपण करून जीप काढली आणि त्याला कोल्हापूरला नेलं. तिथं इंजेक्शनं आणि सलाईन सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत तो भानावर आला. घरी आल्यावर त्यानं एवढंच विचारलं, ‘मी काय काय बोललो?’ कुणी सांगितलं नाही.

गणपतीत तो पुन्हा प्यायला लागला. वाडी म्हणते, याला माळेची लाज नाही. मला हे पटत नाही. त्या माणसानं तीन दिवस जे सोसलं, ते बेशरम माणसाला सोसवत नाही. त्याच्या निर्धारात खोट नव्हती. त्या निर्धाराला औषधाची जोड वेळेवर मिळाली नाही आणि दवाखान्यातून आल्यावर त्याची विचारपूस करायला कुणी आलं नाही.

साहेब, आपल्या खात्यातल्या कोणत्याही डॉक्टरला हे तपशील नवीन नाहीत. दारू मेंदूला मंदावते. वर्षानुवर्षं रोज प्यायल्यावर मेंदू त्या मंदपणाविरुद्ध जोर लावायची सवय करून घेतो. दारू एकदम थांबली की तो जोर तसाच उरतो. सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भास होतात, ताप चढतो, नाडी धावते. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. उपचार मिळाले तर बहुतेक जण वाचतात. त्यासाठी लागणारी औषधं जुनी आणि स्वस्त आहेत: डायझेपाम किंवा लोराझेपाम, आणि थायामिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. थायामिन वेळेवर पोहोचलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. यात कुठलंही महागडं यंत्र नाही. हवी आहे एक खाट, दर काही तासांनी नाडी आणि रक्तदाब बघणारी सिस्टर, आणि काय करायचं हे ठाऊक असलेला डॉक्टर. मलकापूरहून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जायचं तर पन्नास किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. वाडीवरून मलकापूरला पोहोचायचं ते वेगळंच.

कायदाही या मागणीच्या बाजूनं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घातल्या आणि सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. तरी प्रत्यक्षात काय होतं, ते केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या पाहणीत आहे. २०१९ साली ती प्रसिद्ध झाली. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांमागे एकानंच कसलातरी उपचार मिळाल्याचं सांगितलं. उरलेल्या सदतीस जणांच्या वाट्याला शपथ, माळ, मार किंवा चहातून गुपचूप द्यायची पावडर येते. ही पावडर आमच्या बाजारातही सुटी मिळते. तिच्यात काय असतं ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. दारू नकोशी करणारं डायसल्फिराम हे खरं औषध आहे, पण माणसाला न सांगता दिलं आणि तो वरून प्यायला, तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकतं. बायको बिचारी संसार वाचवायला जाते आणि भलतंच होऊन बसतं.

आता दुसऱ्या, संख्येनं कितीतरी मोठ्या गटाकडे वळतो. ही माणसं सकाळी थरथरत नाहीत. कामधंदा करतात, पोरांच्या फिया भरतात आणि ‘मी काय बेवडा नाही’ असं छातीठोकपणे सांगतात. यांच्यासाठी एक हिशेब गावागावात सांगायला हवा. विदेशीची एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात ४२.८ टक्के मद्यार्क. वजनात तो साठ ग्रॅमच्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत साठ ग्रॅम किंवा त्याहून जास्त पिण्याला अतिमद्यपान म्हणते. ज्याला आपल्याकडे ‘फक्त एक चपटी’ म्हणतात, ती तिथंच जाऊन पोहोचते. ‘बियरनं काय होतंय’ असं म्हणणाऱ्यानं आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची मोठी बाटली मोजून बघावी. चाळीस ग्रॅम भरतात. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्क निकालात काढतं. यात्रेच्या जेवणात रात्री अकराला क्वार्टर संपवणारा वडापवाला पहाटे सहाला पहिली फेरी घेऊन घाटाच्या वळणांवर असतो, तेव्हा ती दारू त्याच्या रक्तातून पुरती संपलेली असेलच असं नाही. तो स्वतःला शुद्धीत समजतो. मागं दहा-बारा माणसं बसलेली असतात.

शरीरातलं नुकसान तर वर्षानुवर्षं गुपचूप चालतं. यकृतावर चरबी चढते, मग त्याला सूज येते, मग ते निबर होतं. तोवर दुखत काहीच नाही. गावाला कळतं ते कावीळ झाल्यावर, पोटात पाणी झाल्यावर किंवा रक्ताची उलटी झाल्यावर. रक्तदाब वाढतो, क्षयाचा धोका जवळपास तिपटीनं वाढतो, आणि तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्तन अशा अवयवांच्या कर्करोगाशी दारूचं नातं सिद्ध झालेलं आहे. दारू कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ सालीच जाहीर केलं होतं. दारूसोबत तंबाखूचा बार असेल तर धोका नुसता बेरजेनं वाढत नाही. आमच्याकडे हे दोन्ही एकाच खिशात असतात.

पण कमी केल्यावर शरीर साथ देतं, आणि ही बाजू लोकांपर्यंत पोहोचत नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. यकृतावरची चरबी दारू बंद ठेवल्यास काही आठवड्यांत उतरायला लागते. रोज भरपूर पिणाऱ्यानं प्रमाण निम्म्यावर आणलं तरी रक्तदाब खाली येतो. झोप सुधारते. आमच्या तालुक्याला याचा अनुभव दरवर्षी येतो. गटारीला पोटभर पिणारी शेकडो माणसं श्रावणात महिनाभर बाटलीला हात लावत नाहीत. त्या महिन्यात घरात भांडण नसतं, दुकानदाराची उधारी फिटते, पोरं बापाशेजारी जेवायला बसतात. ज्याला श्रावण पाळता येतो, त्याला पिणं कमीही करता येतं. भाद्रपद उजाडायच्या आत त्याच्याशी चार शब्द बोलणारं माणूस मात्र हवं.

हे बोलणं कसं असावं, हे आपल्या शेजारच्या गोव्यात तपासून झालंय. संगत संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणारे, पण अजून पूर्ण आहारी न गेलेले ३७७ पुरुष निवडले. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका दिल्या, अर्ध्या-पाऊण तासाच्या. समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, प्रशिक्षण देऊन तयार केलेले स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा बैठका झालेल्यांपैकी ४२ टक्के लोक मागच्या चौदा दिवसांत प्यायले नव्हते. बैठका न झालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. गोवा बनावटीची दारू आमच्या जिल्ह्यात दरवर्षी पकडली जाते. गोव्याचा हा उपाय आणायला मात्र कुठला नाका आड येत नाही.

पैशाचं म्हणाल तर जून २०२५ मध्ये आपल्याच मंत्रिमंडळानं मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि वर्षाला चौदा हजार कोटी रुपये जादा महसूल येईल असं सांगितलं. दारू महाग झाली की लोक कमी पितात, हे जगभर दिसलंय, म्हणून करवाढीला माझा विरोध नाही. पण ज्याला चटक लागली आहे तो भाव वाढला तरी पितो, आणि घरातलं धान्य कमी येतं. हा कर त्या घरानं भरलेला आहे. त्यातला ठरावीक हिस्सा व्यसनाच्या उपचारांसाठी राखून ठेवावा, हे आपण मंत्रिमंडळात ठामपणे मांडावं. उत्पादन शुल्क खातं आपलं नाही, याची कल्पना आहे. कावीळ झालेला माणूस मात्र आपल्याच खात्याच्या दारात येतो.

म्हणून मलकापूरच्या ग्रामीण रुग्णालयात निदान चार खाटा दारू सोडणाऱ्यांसाठी नावानिशी ठेवाव्यात आणि तिथल्या डॉक्टर-सिस्टरना या उपचारांचं प्रशिक्षण जिल्ह्याच्या मानसोपचार तज्ज्ञांकडून मिळावं. औषधं संपली हे उत्तर पेशंटला ऐकावं लागू नये. आठवड्यातला एक वार ठरवून त्या दिवशी समुपदेशक बसेल, असं पत्रक प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि एसटी स्टँडवर लागावं. वार बाजाराचा असेल तर उत्तम; बायका भाजीच्या निमित्तानं येतील आणि कुणाला कळणार नाही. बरा होऊन घरी गेलेल्याच्या दारी आशाताई पंधरा दिवसांनी, महिन्यानं, तीन महिन्यांनी जावी आणि त्या कामाचे पैसे तिला मिळावेत. पुन्हा प्यायला लागलेल्याला परत दाखल करून घ्यावं, त्याला हिणवू नये. मधुमेहाचा पेशंट साखर वाढून परत आला तर आपण त्याला हाकलत नाही.

१९८६ साली पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीच्या आधारानं ‘मुक्तांगण’ उभं केलं. हजारो घरं त्यानं सावरली. पण शाहूवाडीतल्या सेंट्रिंगवाल्याला महिनाभर रोज बुडवून पुण्यात राहणं परवडत नाही. त्याच्यासाठी सरकारनंच पुढं यायला हवं.

पत्र खुलं आहे, तेव्हा तालुक्यातल्या आयाबहिणींसाठीही दोन शब्द. घरातल्या माणसाचे सकाळी हात कापत असतील, पहिला घोट घेतल्याशिवाय चालत नसेल, तर शपथ घालून एका दमात दारू बंद करायला लावू नका. आधी दवाखान्यात न्या. किती पितो ते डॉक्टरांना खरं सांगा आणि औषधाच्या आधारानं सोडवा. झटका आला किंवा भलतंसलतं दिसायला लागलं, तर रात्र बघू नका, पाऊस बघू नका, १०८ला फोन करा. नुसता सल्ला हवा असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही नंबर मोफत आहेत.

साहेब, येत्या आषाढीला आमच्याकडे पुन्हा काही जण माळ घालतील. त्याआधी मलकापुरातल्या चार खाटांचा आदेश निघावा, ही विनंती.

आपला,
शाहूवाडी तालुक्यातील एक नागरिक