पळसाखालील छायाचित्र

आमच्या माजघरांत आमच्या मातुःश्रींची एक तसबीर आहे. ती पाहून पाहुणे म्हणतात, “मुद्रा किती कठोर आहे!” वस्तुतः मातुःश्रींइतकी हंसरी बाई आमच्या साऱ्या आळींत नव्हती. एका लग्नांत सर्व मंडळींचा मिळून फोटो काढला, त्या वेळीं ऊन डोळ्यांवर आल्यामुळें त्यांच्या कपाळास आठ्या पडल्या. पुढें त्या गेल्या, तेव्हां दुसरें छायाचित्रच घरांत नसल्यामुळें त्यांतलीच मुद्रा मोठी करवून घ्यावी लागली. नातवंडांस आजी ठाऊक आहे ती त्या आठ्यांनींच.

असा प्रमाद पुन्हा घडूं नये, म्हणून यंदा होळीस गांवीं गेलों असतां आमच्या सौ.चें एक चांगलें छायाचित्र काढवावें असें आम्हीं योजिलें. नात बरोबर होती, आणि तिनें या कलेचा हौसेनें अभ्यास केला आहे. गांवाबाहेरील माळावर पळस ऐन भरांत आला होता. झाडावर पान एकही नाहीं, पण डहाळी डहाळी केशरी फुलांनीं लवलेली! परंतु आमचा बेत ऐकून सौ. म्हणाल्या, “या वयांत आतां फोटो कशाला? भिंतीवर लावायला ना? अहो, मग सरळ तसं सांगा कीं!” आम्ही निरुत्तर झालों, कारण तो विचार आमच्या मनांत नव्हता असें शपथेवर सांगणें कठीण होतें.

त्या रात्रीं आम्हांस शाकुंतलाचा सहावा अंक आठवला. दुष्यंतानें वसंतोत्सव बंद करविला आहे आणि आपण काढलेलें शकुंतलेचें चित्र पुढें घेऊन तो बसला आहे. चित्रांत तिघी स्त्रिया आहेत. त्यांपैकीं शकुंतला कोणती, हें विदूषक कशावरून ओळखतो? नुकतेंच पाणी घातलेल्या आम्रवृक्षाशेजारीं किंचित् थकलेली जी उभी आहे, केशबंध सैल होऊन जिचीं फुलें गळत आहेत आणि जिच्या मुखावर घामाचे बिंदु आहेत, तीच ती, असें तो म्हणतो. तरीही राजास कानावरील शिरीषपुष्प काढावयाचें राहिलें याची हळहळ वाटते. पण खरी हळहळ निराळीच आहे. ती समोर उभी होती तेव्हां राजानें तिला ओळखलें नाहीं. ती नाहींशी झाल्यावर मग हें चित्र! सकाळीं आम्हीं ही कथा सौ.ना सांगितली. त्या म्हणाल्या, “राजा बायकोला विसरला, तुम्ही चष्मा विसरतां एवढंच. चला, काढा तुमचा फोटो.”

या प्रसंगीं नातीकडून आम्ही जें शिकलों, तें वाचकांच्याही उपयोगीं पडेल. पळस फुलतो तेव्हां त्यास पानें नसतात. म्हणून दुपारीं त्याखालीं छाया मिळत नाहीं, उलट डहाळ्यांच्या काळ्या रेघा तोंडावर पडतात. यास्तव कोवळें ऊन असतांना किंवा दिवस कलल्यावर जावें. माणसास बुंध्यास टेकवून उभें करूं नये. झाडापासून दहा-बारा फूट पुढें घ्यावें आणि भिंगाचें छिद्र मोठें ठेवून डोळ्यांवर नेम धरावा. म्हणजे मागील फुलें पुसट होऊन त्यांचा रंग तेवढा राहतो. हा रंग मोठा तीव्र असतो. प्रकाश थोडा जास्त झाला कीं पाकळ्या लोपून नुसता डाग उरतो. म्हणून प्रकाश किंचित् कमीच घ्यावा. वस्त्र फिकें असावें. केशरी साडी केशरी फुलांत हरवून जाते.

एवढें सारें करूनही पहिलीं दहा-बारा चित्रें फुकट गेलीं. सौ. शाळेंतील मुलीप्रमाणें हात जुळवून ताठ उभ्या! मध्येंच आम्हीं आपल्या मोबाईलवर एक चित्र काढून त्यांस दाखविलें. त्यांत एकही सुरकुती नव्हती. सौ.नीं तें निरखून विचारलें, “ही कोण बाई?” त्वचा आपोआप गुळगुळीत करण्याची सोय पुष्कळ मोबाईलांत असते आणि ती बंदही करतां येते, असें नातीनें सांगितलें. आम्हीं ती तत्काळ बंद केली. चाळीस वर्षांच्या संसारांत उमटलेल्या रेषा पुसण्याचा अधिकार त्या यंत्रास कोणीं दिला?

उभें राहून सौ. कंटाळल्या आणि खालीं पडलेलीं फुलें पदरांत वेंचूं लागल्या. रंगपंचमीस तीं पाण्यांत भिजवून रंग करावयाचा होता. एक फूल नातीपुढें धरून त्या म्हणाल्या, “हें पोपटाच्या चोंचीसारखं दिसतं ना? म्हणून याला किंशुक म्हणतात, हा पोपट तर नव्हे, असा अर्थ. लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्याला तुझ्या आजोबांनीं मला इथंच सांगितलं होतं. बाकी त्या दिवशीं एक शब्द बोलले नाहींत!” आणि त्या मनमोकळ्या हंसल्या. नातीनें तोच क्षण साधला.

त्या चित्रांत अंबाडा सुटत आला आहे, कपाळावर घाम आहे, आणि हंसतांना पडलेल्या दाताची जागाही दिसते. तें आम्हीं भिंतीवर लावलें नाहीं. आमच्या लिहिण्याच्या मेजावर ठेविलें आहे. येतां जातां सौ. स्वतःच पदरानें त्यावरील धूळ पुसतात.

वाचकांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, वसंत दरवर्षीं येतो, परंतु पळस थोडे आठवडेच फुललेला राहतो. ज्यांचें चित्र आपणांस हवें असेल, त्यांस तेवढ्यांत झाडाखालीं घेऊन जावें, आणि त्यांच्या हातांस कांहीं काम द्यावें.