जनुकांची यादी झाली, पुढे काय?

कंपवाताच्या रुग्णाचा हात का थरथरतो, याचे अर्धे उत्तर माहीत आहे. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. त्या का मरतात, हे कोडे मात्र पुरते सुटलेले नाही. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्याला कारणीभूत ठरणारे पहिले जनुक सापडायला १९९७ साल उजाडले. मग यादी वाढतच गेली. २०१९ मधील एका मोठ्या अभ्यासाने तर जोखमीशी निगडित अशा ९० जनुकीय खुणा दाखवल्या. पण कोणते जनुक पेशीत काय काम करते हे ठाऊक नसेल, तर ही यादी नुसती नावांचीच राहते.

ही उणीव भरून काढण्यासाठी फळमाशी, उंदीर आणि यीस्टवर काम करणाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘जीन ऑन्टॉलॉजी’ सुरू केली. जनुकापासून बनणारे प्रथिन काय करते, कोणत्या प्रक्रियेत भाग घेते आणि पेशीत कुठे असते, या तीन प्रश्नांची उत्तरे सगळ्यांनी एकाच ठरलेल्या शब्दांत लिहायची, सोबत पुरावा कोणत्या प्रकारचा तेही नोंदवायचे. त्यासाठी माणसांना शोधनिबंध एकेक करून वाचावे लागतात. दिसायला कारकुनी, पण जीवशास्त्र मुरलेले असल्याशिवाय न जमणारे काम! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ‘पार्किन्सन्स यूके’च्या अर्थसाहाय्याने कंपवाताच्या जनुकांसाठी ते केले गेले.

त्याने काय साधते? पार्किन हे जनुक १९९८ मध्ये जपानी रुग्णांत सापडले, तर पिंक-१ चा दोष २००४ मध्ये इटली आणि स्पेनमधील कुटुंबांत. वरवर पाहता दोघांचा संबंध नाही. पण २००६ मध्ये पिंक-१ नसलेल्या फळमाश्यांना जादा पार्किन मिळताच त्यांचे बिघडलेले स्नायू सावरले. पुढे कळले, की दोघे मिळून निकामी मायटोकॉन्ड्रिया हटवतात. अशा नोंदी एकत्र आल्या, की पेशीतील साफसफाईच कोलमडते आहे का, असा नेमका प्रश्न विचारता येतो.

अर्थात, प्रसिद्ध जनुकांच्या नोंदी भरगच्च आणि दुर्लक्षितांची पाने कोरी, हा दोष आहेच. कोऱ्या पानाचा अर्थ ‘काम नाही’ असा लावला, की संगणकी विश्लेषणही फसते. त्यात असे जनुकीय अभ्यास प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले. भारतीय रुग्णांतील काही खुणा मुळात यादीतच नसतील.

नवे जनुक सापडले की बातमी होते, नोंदी ठेवणाऱ्यांची होत नाही. त्यांचे अनुदान ठरावीक वर्षांचे असते. मुदत संपल्यावर वाचणारे दुसरीकडे जातात आणि निबंध मात्र येतच राहतात.