पहिलीचे अर्धे वर्ष

जून महिन्यात शाळा भरते तेव्हा पहिलीच्या वर्गाचा पट भरलेला असतो. प्रवेशोत्सव होतो, पुस्तके वाटली जातात आणि आकडा वर गेला की शिक्षणखात्याचे समाधान होते. वस्तुतः पाहावयाचा पट जूनचा नव्हे, दिवाळीनंतरचा. त्या सुमारास बीड जिल्ह्यातील गावांतून ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात आणि त्यांच्याबरोबर पहिलीतील मुलेही जातात. ती परततात तेव्हा वर्ष संपत आलेले असते.

पहिल्या सत्रात मूल जेमतेम शाळेत रुळते, काही सुटी अक्षरे ओळखू लागते. काना, मात्रा, वेलांटी यांचा सराव होऊन अक्षरांचे शब्द आणि शब्दांचे वाक्य होते ते बहुधा दुसऱ्या सत्रात. म्हणजे वाचन जेथे सुरू व्हावयाचे तेथेच वर्ष तुटते. मोठ्या इयत्तेतील मुलाचे चार महिने बुडाले तर ते पुस्तक वाचून काही भरून काढील. ज्याला अद्याप वाचताच येत नाही त्याने काय करावे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यामुळे ते दुसरीत जातेच, आणि ते योग्यही आहे. सहा वर्षांच्या मुलावर नापासाचा शिक्का मारणे क्रौर्यच होय. तथापि पूर्वी नापासांच्या आकड्यांत हे नुकसान निदान दिसे. आता ते हिशेबातूनच नाहीसे झाले आहे.

पालकांना दोष देणे सोपे आहे. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल मिळते ती दोघांच्या श्रमावर. दोघेही फडात गेल्यावर मूल गावी कोणाजवळ ठेवावे? हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण सहा वर्षांचे मूल रात्री आईवाचून राहत नाही, हे परिपत्रक काढणाऱ्यांस ठाऊक नसावे. शिवाय कोपीवर धाकटे भावंड सांभाळावयास कोणी तरी लागतेच.

कायद्याच्या पाचव्या कलमाने दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क मुलाला दिला आहे. पण फडापासून ती शाळा दूर असली तर पहाटेच कामाला गेलेल्या आईबापांच्या मुलाला तेथे पोहोचवावयाचे कोणी? ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावयाचे ठरले आहे. त्यातून प्रत्येक मोठ्या तळावर पहिली-दुसरीपुरता एक शिक्षक आणि तान्ह्यांसाठी पाळणाघर चालविणे अशक्य नाही. मात्र त्या शिक्षकाच्या हाती गावच्या गुरुजींची एक चिठ्ठी पडावयास हवी: हे मूल कोणत्या अक्षरापर्यंत आले आहे.