वारा पडला तरी किनाऱ्यावर या

पुण्या-मुंबईहून सुट्टी काढून मोरजीला येणाऱ्या काइटसर्फर मित्रमैत्रिणींना एक कळकळीची विनंती आहे. दुपार उलटली आणि वारा सुटला नाही, तर शॅकमध्ये बसून मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज पुन्हा पुन्हा पाहू नका. किनाऱ्यावर या. वाऱ्याच्या दिवशी जीव वाचवणारी बहुतेक तयारी वारा नसतानाच करता येते. वारा एकदा बारा-पंधरा नॉटवर, म्हणजे ताशी 22 ते 28 किलोमीटरवर गेला, की पाण्यात उतरायची घाई होते आणि दोरीची गाठ तपासायलाही कुणी थांबत नाही.

सगळ्यात आधी खोल पाण्यात स्वतःची सुटका करून घ्यायला शिका. शिकवणीत ती एकदा दाखवतात, आपण मान डोलावतो आणि विसरतो. काइट फुगवून, प्रशिक्षक किंवा जाणता सोबती जवळ ठेवून, आधी छातीभर पाण्यात सराव करा. क्विक रिलीज ओढून काइट मोकळी करा. लीश मात्र लगेच सोडू नका. सेफ्टीची दोरी बारवर गुंडाळत पुढे सरका, म्हणजे काइटमध्ये पुन्हा ओढ भरणार नाही. मग सगळ्या दोऱ्या गुंडाळून पक्क्या करा आणि काइटपर्यंत पोहोचा. दोरी हाताला किंवा बोटांना कधीही गुंडाळू नका. हवा भरलेली काइट तुम्हाला तरंगत ठेवते, तिला धरून राहा. हातांना हा क्रम पाठ होईपर्यंत सराव करत राहा, कारण खरी वेळ येते तेव्हा लाटा तोंडावर आपटत असतात आणि विचार करायला सवड नसते.

सरावाची जागा आणि वेळही पारखून घ्या. शापोरा नदीच्या मुखाजवळ ओहोटीचा ओढा जबर असतो, तिथे हा सराव नको. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती बरी, तेव्हा पाण्याला ओढ कमी असते.

पाण्यातून आलात की सामान काढा. चारही दोऱ्यांची टोकं एका खांबाला बांधा, बार हातात घेऊन मागे ओढा आणि दोऱ्या समान आहेत का ते पाहा. पुढच्या दोऱ्यांवर भार जास्त, त्यामुळे त्या हळूहळू लांबतात आणि मग काइट नीट वागत नाही. क्विक रिलीजमध्ये अडकलेली वाळू गोड्या पाण्याने धुऊन काढा आणि तो एका हाताने झटक्यात सुटतो का ते पाहा. काइट फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी ती मऊ पडली असेल, तर ब्लॅडर किंवा व्हॉल्व्हमधून हवा जाते आहे. हार्नेसची शिवण आणि बोर्डाचे स्क्रू तपासा. सामान वाळवायचं ते सावलीत, उन्हाने कापड लवकर कुजतं.

आता आकाशाकडे बघायला शिका. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. आपण या वाऱ्यांवर खेळतो. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ते सरळ आत, खोल समुद्रात नेतात. सोबत बचावाची होडी नसेल, तर त्यांच्यावर काइट कधीच लावू नका. एप्रिल-मेमधली शांतताही ओळखा. हवा थिजली, उकाडा वाढला आणि जमिनीकडे काळे ढग चढू लागले, तर वळीव जवळ आला आहे. त्याची पहिली झुळूक पाहून काइट वर काढणारा माणूस पुढच्याच झोताने उचलला जातो.

मंद वाऱ्यात ‘मोठी काइट लावून बघू’ म्हणणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. अपुऱ्या वाऱ्यात पाण्यात पडलेली काइट पुन्हा उठत नाही, आणि मग पाणी नेईल तिकडे जावं लागतं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काइटच्या शर्यती पहिल्यांदाच झाल्या, त्याही मार्सेच्या समुद्रावर. तिथेही वारा पडल्यामुळे शर्यती लांबल्या आणि जगातले सर्वोत्तम खेळाडू वाट पाहत थांबले. आपल्याला थांबण्यात कमीपणा वाटायचं काहीच कारण नाही.

वारा नसेल त्या दिवशी किनारा पायी फिरा. हा किनारा आपल्या आधी मासेमारांचा आहे. रापण ओढणाऱ्या काकांना विचारा की जाळं कुठे लागतं आणि होड्या कुठून निघतात. त्यांच्याइतकं हे पाणी कुणालाच ठाऊक नाही. थंडीच्या महिन्यांत मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. राखून ठेवलेली जागा पाहून घ्या आणि दोऱ्या तिच्यापासून दूर पसरा.

आणि रस्त्याचे नियम म्हणावेत तसे पाण्यातले नियम आपसांत बोलून पक्के करा. उजवा हात पुढे असलेल्याला समोरून येणाऱ्याने वाट द्यायची. किनाऱ्यावरून निघणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. दोघे एकमेकांजवळून जात असतील, तर वाऱ्याच्या वरच्या बाजूच्याने काइट उंच आणि खालच्या बाजूच्याने खाली धरायची. डोक्यावर हात थोपटणारा माणूस काइट उतरवायला मदत मागत असतो, त्याच्याकडे धावत जा.

जुन्या खेळाडूंना शेवटचं एक मागणं. वारा नसेल त्या दिवशी एखाद्या नवख्याला हाक मारा, त्याच्या दोऱ्या तपासून द्या आणि सुटकेचा सराव करताना त्याच्यासोबत पाण्यात उभे राहा. नवख्यांनीही संकोच न करता विचारावं. आपल्या किनाऱ्यांवर हा खेळ अजून लहान आहे. त्याला कोणत्या सवयी लावायच्या, हे आज आपल्याच हातात आहे.