भिंतीएवढा अ

विद्यार्थ्यांनी घडवलेल्या फाँटांचं प्रदर्शन म्हटलं की भिंतीएवढा 'अ' ठरलेलाच. खाली फाँटचं नाव आणि त्यामागची प्रेरणा. कुणाला ट्रकच्या पाठीवरची रंगवलेली अक्षरं भावलेली असतात, कुणाला मोडीची लपेट. मुंबईतल्या एका कलामहाविद्यालयात परवा असंच प्रदर्शन पाहिलं. पोरांचा हात छान होता. पण मी मात्र प्रत्येक संगणकापाशी एकच हट्ट धरत फिरलो: यात 'मूर्तींची' लिहून दाखव.

या शब्दात वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर बसायला येतात. बऱ्याच ठिकाणी अनुस्वार रफाराच्या पोटात शिरला. 'उद्ध्वस्त' मागितल्यावर एका फाँटात जोडाक्षर जमेना, नुसते पाय मोडलेले द-ध ओळीत उभे राहिले. 'दऱ्याखोऱ्या' तर बहुतेकांनी टाळलंच. एक मुलगा मनमोकळेपणाने म्हणाला, "सर, आत्ता फक्त मुळाक्षरं झालीत."

त्याला काय बोलणार? इंग्रजीचं काम लहान-मोठी अक्षरं, अंक आणि चिन्हं मिळून दोन-अडीचशे आकारांत भागतं. देवनागरीचा नीट फाँट सहज सहा-सातशेच्या पुढे जातो. परीक्षा तोंडावर, आणि मथळ्याला लागणारी अक्षरं मोजकी. मग डौलदार मथळ्याचा फाँट करून मोकळं होणं हेच शहाणपणाचं ठरतं. लग्नपत्रिकेला आणि चौकातल्या फलकाला त्यातून भरपूर माल मिळतो. पुस्तकाला मिळत नाही.

खिळ्यांच्या काळात ही सवलत नव्हती. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठी राणूजी आरू पोलादावर अक्षरं कोरत. संस्कृत ग्रंथ आणि पंचांगं छापायची म्हटल्यावर एखादं जोडाक्षर नसलं तर जुळाऱ्याचे हात तिथेच थांबणार. संगणकावरही तेच. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा 'मंगल' विंडोज २००० बरोबर आला. तो देखणा की नाही यावर लोक अजून भांडतात. मला विचाराल तर ठीकठाक आहे. पण सरकारी कचेऱ्यांपासून सायबर कॅफेपर्यंत मराठी त्यात टाइप होऊ लागली, हे काम कुठल्या देखण्या 'अ'ने केलेलं नाही. मुंबईच्याच 'एक टाइप'ने गुबगुबीत 'मोदक' केला आणि मजकुरासाठी 'मुक्ता'ही. दोन्ही फुकट. लक्ष जातं ते अर्थातच मोदकाकडे.

म्हणूनच जिन्याखालच्या कोपऱ्यातल्या फाँटपाशी मी रेंगाळलो. तिथे भिंतीवर अक्षर नव्हतंच. वर्तमानपत्री कागदावर छापलेले नऊ पॉइंटचे परिच्छेद होते. ते करणारी मुलगी जरा ओशाळून म्हणाली, "माझं बघायला काही नाही." बघायला पुष्कळ होतं. तिने शिरोरेषा उभ्या दंडापेक्षा बारीक ठेवली होती, कारण ती ओळभर सलग जाते आणि जाड झाली की पान काळवंडतं. म-भच्या गाठी मोकळ्या ठेवल्या होत्या, कारण स्वस्त कागदावर शाई पसरते आणि लहान अक्षरात गाठ आधी बुजते. उकारांना खाली श्वास घ्यायला जागा होती. ल पाकळीचा, श देठाचा, राज्य सरकारच्या २००९ च्या निर्णयाप्रमाणे. हिंदीतले ल-श त्याच फाँटमध्ये वेगळे. मजकूर कुठल्या भाषेतला ते संगणकाला सांगायचं, की योग्य ते आपोआप येतात. 'मूर्तींची' तिने न सांगता छापली होती, तीही दोनदा.

परीक्षकांनी तिला काय दिलं ते मी विचारलं नाही. भिंतीएवढ्या 'अ'पुढे नऊ पॉइंटचं काय चालणार! पण या प्रदर्शनांसाठी नियम करायचा झाला तर मी एकच करीन: भिंतीवर परिच्छेदही लावा, आणि तो वाचायला पाहुण्यांसाठी एक खुर्ची ठेवा.

तिची निम्मी जोडाक्षरं अजून व्हायची आहेत. आधी कुठली घ्यावीत हे ठरवायला तिला चालू मराठी मजकूर हवा होता, म्हणून मी या सदराचे जुने लेख पाठवले. तिने मोजदाद करून कळवलंय: त्य, क्ष आणि प्र ताबडतोब लागतील, 'ङ्म' सावकाश केलं तरी चालेल, आणि "सर, तुम्ही 'प्रत्यक्ष' फार वापरता."